टेप लावलेला गुलाबी कागद

वेंडलकाकांनी कागद फार लवकर पुढे केला, तिथेच अँब्युलन्समधून उतरलेल्या डेलियाला खटकलं. बायको, आर्लीनबाई, स्वयंपाकघरात निपचित पडलेली, आणि हे बुवा दारातच कागद घेऊन उभे!

हृदय बंद पडलं तर ते पुन्हा चालू करायची धडपड करू नका, असं आर्लीनबाईंनी त्यावर डॉक्टरांसमक्ष लिहून दिलं होतं. टिलामूक गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या फ्रिजवर असतो, तसलाच गुलाबी. फक्त हा मधोमध फाडलेला, वर टेपने जोडलेला.

फाडला म्हणजे रद्द केला. मग जोडला कोणी?

"ऑरन, छाती दाबायला घे," ती जोडीदाराला म्हणाली. "काका, कोणी फाडला हा?"

"मी."

"आणि चिकटवला?"

"तिनं."

"वा! फाडायचं तुम्ही, चिकटवायचं त्यांनी?"

"बावन्न वर्षं हेच चाललंय, पोरी. सही केलीन कळल्यावर डोकंच फिरलं माझं."

ऑरनच्या हातांखाली बरगडी कडकन वाजली. काकांनी डोळे मिटले. "थांबवा रे. हेच नको होतं तिला."

तिला, की तुम्हाला? डेलियाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून तिने आर्लीनबाईंच्या पर्समधला गाडीचा परवाना काढून कागदाशी ताडून पाहिला. नाव, जन्मतारीख, सही, सगळं जुळलं. पण ही सही तर फाडण्याआधीची!

तिने कागद खिडकीकडे तिरका धरला. टेपवरूनच आडवी गेलेली दुसरी सही दिसली, गुळगुळीत टेपवर शाई जराशी फिसकटलेली. खाली मागच्या सोमवारची तारीख, शेजारी डॉक्टरांची आद्याक्षरं.

तरी तिने डॉक्टरांना फोन लावलाच.

"हो, माझ्यासमोर केली सही," ते म्हणाले. "नवा कागद देत होतो, तर म्हणाल्या, हाच राहू दे, म्हाताऱ्याला रोज त्याचा प्रताप दिसू दे."

"ऑरन, थांब."

ऑरनने हात उचलले. चार मिनिटं झाली होती. डेलियाला ती आता फार वाटली.

काका गुडघ्यांवर बसून बायकोच्या स्वेटरची बटणं लावू लागले. एक बटण काही केल्या घरात जाईना. डेलियाने हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले. "तुमचं काम झालं ना?"