दादा गोड बोलायला लागले

माझ्या बायकोचे थोरले भाऊ, आमचे दादा, जन्मात माझ्याशी कधी गोड बोलले नव्हते. ते सुतार, मी पुस्तकं बांधणारा. मला ते 'डिंक्या' म्हणायचे. गेल्या वर्षी माझी बायको गेली, तेव्हा वाटलं आता तरी जरा नरमतील. तिसऱ्या दिवशी घरी आले, माझी खुर्ची हलवून पाहिली आणि म्हणाले, "डिंक्या, एक दिवस आपटशील. आता उचलायला ती पण नाही." खुर्ची दुरुस्त करून दिली आणि मग रोजच येऊ लागले. रोज चहा, रोज भांडण. ते वर्ष मी त्या भांडणांवर काढलं.

मग त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. वय अठ्ठ्याहत्तर, त्यामुळे आयसीयूत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी आत गेलो. खिडकीचा पडदा ओढलेला, नळ्या लावलेल्या, यंत्राची टिकटिक चाललेली.

सिस्टर म्हणाली, "काका, तुमचे पेशंट फार गुणी हो. हूं नाही की चूं नाही. सगळे असे असते तर पगार घ्यायची लाज वाटली असती."

दादांनी डोळे किलकिले केले. "आलात? बसा ना, जावईबापू."

मी तसाच सिस्टरकडे वळलो. "सिस्टर, ह्यांना काहीतरी झालंय."

"काय झालं?"

"मला 'बसा' म्हणाले."

सिस्टर हसली. "आजारपणात माणूस मवाळ होतो, काका."

"हा माणूस? ह्यांनी मुलीच्या लग्नात जावयाला सांगितलं होतं, 'नीट उभा राहा, ओळंब्यात नाहीस.'"

बाहेर बाकावर दादांची मुलगी बसली होती. ती म्हणाली, "आतोबा, उगाच लुडबूड नको. बाबा शांत आहेत, तेवढंच बरं."

हेच मी गेल्या वर्षी म्हणालो होतो. माझी बायको अशाच एका खोलीत चार दिवस गप्प पडून होती. सगळ्यांकडे बघून हसायची. मला एकदा 'साहेब' म्हणाली, मला वाटलं थट्टा करतेय. फोनवर सगळ्यांना सांगत होतो, आराम करतेय म्हणून. ती न्यूमोनियानं गेली, त्याला इलाज नव्हता. पण तिनं मला ओळखलंच नव्हतं, हे मला घरी आल्यावर, तो 'साहेब' आठवून कळलं. चार दिवस ती परक्या माणसांत होती आणि मी बाहेर चहा पीत होतो.

म्हणून या वेळी मी हललो नाही. राउंडला डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा आडवाच उभा राहिलो. "डॉक्टर, हे माझ्याशी नीट बोलतायत. तपासा."

त्या हसल्या नाहीत. दादांचा हात धरून त्यांनी विचारलं, "आजोबा, दगड पाण्यावर तरंगतो का?"

"तुम्ही म्हणताय, तर तरंगत असेल."

"हातोडीनं खिळा ठोकता येतो का?"

दादा गोड हसले. "साहेबांना विचारा."

पंचावन्न वर्षं ज्याच्या हातात हातोडी, त्याचं हे उत्तर. माझ्यामागून आत आलेल्या मुलीनं तोंडाला पदर लावला.

"ह्याला डिलिरियम म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "तात्पुरता भ्रम. वयस्कर माणसांना आयसीयूत बऱ्याचदा होतो. आरडाओरडा करणारे लगेच कळतात, गप्प पडलेले निसटतात." त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, झोपेचं औषध कमी केलं, पडदा उघडायला लावला. "चष्मा कुठाय? कानाचं मशीन?"

दोन्ही वस्तू मुलीच्या पर्समध्ये होत्या. हरवू नये म्हणून.

"आणि काका, दिवसा तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"नेहमी बोलता तेच."

"ते इथे बोलण्यासारखं नसतं."

"बोला," सिस्टर म्हणाली, "मी कान झाकते."

मी सुरुवात केली. म्हटलं, दादा, सागवानात काय ठेवलंय? प्लायवूड बरं, स्वस्त आणि हलकं. दादा म्हणाले, "खरं आहे आपलं." त्या दिवशी मला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तुमच्या टेबलाचा पाय निखळला होता, मी डिंकानं चिकटवला. दादा चष्म्याआडून माझ्याकडे बघत राहिले. कपाळाला बारीक आठी पडली होती. ती आठी बघून मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. हातोडीनं खिळा ठोकता येतो का?

दादांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला येतो. हा स्वतःचा अंगठा ठोकेल."

डॉक्टर हसू दाबत लिहू लागल्या. मी पुढे वाकून विचारलं, "दादा, मी कोण?"

"कोण म्हणजे? माझ्या बहिणीचा नवरा. गाढवा, पलंगाला टेकू नकोस, हलतोय तो."

मी बाहेर आलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. मुलगी घाबरून उठली. "आतोबा, काय झालं? काय म्हणाले बाबा?"

"मला गाढव म्हणाले."

"खरंच?" तिनं पर्स माझ्या हातात कोंबली आणि आत पळत सुटली. "थांबा, मला काय म्हणतात बघू!"