पिकअप उंच करण्याविषयी

अमरावतीच्या महाविद्यालयात चौतीस वर्षे मराठी गद्य शिकवून निवृत्त झालेल्या प्रा. नागसेन डोंगरदिवे यांचा एक सिद्धान्त होता : चालक कधी चुकत नाही; चुकते ते वाहन, किंवा रस्ता, किंवा दोन्ही. हा सिद्धान्त त्यांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, गाडी चालवायला शिकल्यानंतर दुसऱ्या महिन्यात मांडला. तोवर त्यांची पिकअप तीनदा पोटाखाली घासली होती.

पिकअप खरे तर त्यांची नव्हती. त्यांच्या पत्नीची, मनकर्णाबाईंची होती. हिवरखेडजवळची चार एकरांची लिंबूबागही त्यांचीच, त्यांच्या वडिलांनी, डोमाजींनी, लेकीच्या नावे केलेली. परिचारिकेची नोकरी संपताच मनकर्णाबाईंनी हिवरखेडला बिऱ्हाड हलवले आणि बाग हाती घेतली. या साऱ्या उद्योगात सरांना करण्याजोगे एकच काम उरले : लिंबांची पोती अकोल्याच्या बाजारात पोचवणे. ते त्यांनी मागून घेतले होते. निरोपसमारंभात ‘आता मी मातीकडे चाललो’ असे वाक्य ते बोलून बसले होते, आणि बोललेले वाक्य निभवायचे, ही त्यांची शिस्त होती. मातीने त्यांच्याबद्दल असे काहीच म्हटलेले नव्हते.

बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंत शेतांमधून जाणारी दोन फर्लांगांची कच्ची पांदण होती. ट्रॅक्टरांच्या जाण्यायेण्याने तिच्यात दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध वीतभर उंचीचा वरंबा उभा राहिला होता. तिसऱ्या खेपेला गाडी या वरंब्यावर अशी टेकली, की मागची चाके नुसती भिरभिरत राहिली. ती ओढून काढेपर्यंत अकोल्याच्या बाजारातला हर्रास, म्हणजे लिलाव, आटोपला आणि अठरा पोती लिंबे गिऱ्हाइकाची वाट पाहत पिवळी पडली.

“अवो सर,” मनकर्णाबाई म्हणाल्या. लग्नाला छत्तीस वर्षे झाली तरी त्या नवऱ्याला सरच म्हणत. कधी आदराने, बहुधा इतर कारणांनी. “येत्या सोमवारपासून चंदन येईन त्याची गाडी घेऊन. तुमी घरी पेपर वाचा.”

चंदन हा गावातला भाड्याने माल नेणारा गाडीवाला. त्याच्याशी सरांचे वैर नव्हते. पण सोमवारी सकाळी तो पोती भरतो आहे आणि आपण ओसरीवर वर्तमानपत्राची घडी उलगडतो आहोत, हे चित्र त्यांना डोळ्यांपुढेही पाहवेना.

“दोष गाडीच्या उंचीत आहे,” ते म्हणाले. “मी ती उंच करून घेतो.”

“कावून? तिले टाचेच्या चपला घालता का?”

“त्याला सस्पेन्शन लिफ्ट किट म्हणतात. चिखलदऱ्याला आपण पाहिली होती ना, ती पर्यटकांची उंच केलेली पिकअप?”

“पाहिली. तिच्यातून एक बाई उतरत होती. खुर्ची मागवली होती तिच्यासाठी.”

सरांनी हा आक्षेप अप्रस्तुत ठरवला.

या प्रश्नाचा अभ्यास त्यांनी पहिल्या घासणीपासूनच आरंभला होता. त्यासाठी एक दोनशेपानी वही घातली होती आणि तिच्या पहिल्या पानावर ‘पिकअप उंच करण्याविषयी’ असे शीर्षक लिहून त्याखाली पट्टीने दुहेरी रेघ मारली होती. शास्त्रीय विवेचनाच्या जुन्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, आणि मग त्याचे खंडन, अशी मांडणी होती. किटांचे तीन प्रकार होते : गाडी तोलून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे ठेवणे, जुन्या पाट्यांत एक जादा पाटा घालणे, किंवा नवे पाटे आणि लांब शॉकअप असा सगळा संच बसवणे. प्रत्येकाची बाजू सरांनी इतक्या तन्मयतेने मांडली होती, की वाचताना तेच तिघांच्याही बाजूने होत. सातव्या पानावर मनकर्णाबाईंचा एक पूर्वपक्ष होता. ‘प्रमाण दिलेले नाही’ एवढ्याच कारणावर तो तीन ओळींत निकालात निघाला होता. फेरफारास परवानगी मागणारा परिवहन कार्यालयाच्या नावाचा साडेचार पानी अर्जही शेवटी तयार होता. त्यात किटाचे नाव तेवढे भरायचे होते.

शनिवारी वही बगलेत मारून सर अकोल्याला ताहेरभाईंच्या गॅरेजवर गेले. ताहेरभाई चाळीस वर्षे मालवाहू गाड्यांचे पाटे बसवत आलेले. सावकाश बोलणारे आणि त्याहून सावकाश ऐकणारे. निकालात निघालेले सातवे पान वगळून सरांनी त्यांना बारा पाने वाचून दाखवली. तेराव्या पानाला ताहेरभाईंनी चहा मागवला.

“मग निष्कर्ष असा,” सर वही मिटत म्हणाले, “की ठोकळा की पूर्ण संच, एवढाच वाद उरतो.”

“सर, लिहिलं बाकी झकास,” ताहेरभाई म्हणाले. “घासते कोणती जागा?”

“खालची.”

“खालची म्हणजे? पाहिली का तुमी?”

दोनशे पानांच्या वहीत या प्रश्नाला जागा ठेवलेली नव्हती. ताहेरभाईंनी जमिनीवर पोते अंथरले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले डोंगरदिवे सर जन्मात प्रथमच एका वाहनाखाली सरपटत गेले आणि पाठीवर झोपून वर पाहू लागले. शेजारी ताहेरभाईही येऊन झोपले. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या जाड दांड्याच्या मध्यावर लोखंडाचा टरबुजासारखा गोळा होता, आणि त्याचे पोट घासून घासून चांदीच्या भांड्यागत लखलखत होते.

“हा गोळा कशावर बसला?”

“दांड्यावर.”

“दांडा कोणाच्या भरोशावर?”

“चाकांच्या.”

“आता पाट्याखाली ठोकळा टाकला, तं वर काय जाईन?”

सर मनाशी एकेक जोड लावत गेले. पाटे वर जातील. पाट्यांवरची चौकट जाईल, चौकटीवरची पेटी जाईल, तिच्यातली लिंबे जातील, चालकाच्या आसनावर बसलेले सेवानिवृत्त प्राध्यापकही जातील.

“गोळा मात्र जिथल्या तिथे राहील,” ते क्षीण स्वरात म्हणाले.

“मग? तुमी वर बसून घासान, इतकंच.”

“पण संपूर्ण संच घेतला तर?”

“तरी तेच.”

“लांब शॉकअप?”

“सर, किट इकाले मले काय जाते? आज बसवतो. पण सोमवारी तुमी परत इथंच येसान.”

सर तसेच पडून राहिले. बाहेर येण्याची त्यांना घाई नव्हती. गाडीखाली निदान बाहेरच्या कुणाला चेहरा दिसत नव्हता.

“एक सांगा,” ताहेरभाई म्हणाले, “पांदणीत चाकं कुठं ठेवता तुमी?”

“चाकोऱ्यांत. त्या त्यासाठीच असतात.”

“चाकोऱ्या कोणाच्या?”

“ट्रॅक्टरच्या.”

“तुमच्यापाशी ट्रॅक्टर हाय?”

“नाही.”

“ट्रॅक्टरचं पोट उंच असते. तुमी एक चाक वरंब्यावर घ्या, दुसरं कडेच्या बांधाकडं, धुऱ्याकडं. चाकोरी मधात राहू द्या. गोळा तिच्यावरून जाईन, खाली जागाच जागा. आमच्याकडचा प्रत्येक गाडीवाला असाच चालवते. तुमाले कोणी सांगितलं नाई?”

सरांना सातवे पान आठवले.

दिवस कलताना ते पांदणीच्या तोंडाशी पोचले. उजवे चाक वरंब्यावर चढवले, तशी गाडी डावीकडे कलली आणि बाभळीच्या फांद्या काचेवर खरखरल्या. दोन्ही हात आपोआप खालच्या सुरक्षित, आखीव, घासणाऱ्या वाटेकडे गाडी वळवू पाहत होते. सरांनी त्यांना दोनदा आवरले. गाडी फाटकाशी येऊन थांबली, तेव्हा पोटाखालून चकार शब्द आलेला नव्हता.

मनकर्णाबाई फाटकात उभ्या होत्या. “आज तं मांजरासारखी आली,” त्या चाकांकडे पाहत म्हणाल्या. “किट बसवली वाटते?”

खोटे बोलण्याची इतकी सोयीस्कर संधी सरांना आयुष्यात पूर्वी मिळाली नव्हती. नुसते ‘हो’ म्हटले असते, तर वही टिकली असती, सिद्धान्त टिकला असता, काम तर टिकलेच असते. पण सदऱ्याच्या पाठीवर पोत्याचा आणि ऑइलचा ठसा होता, आणि त्या ठशासह खोटे बोलणे त्यांना फारच विसंगत वाटले.

“नाही बसवली,” ते म्हणाले. “चाक वरंब्यावर घेतलं.”

मनकर्णाबाईंनी गाडीतून उतरलेल्या सरांच्या बगलेतली वही ओढून घेतली, बोट ओले करून पाने उलटली आणि मोठ्याने वाचले : “‘पूर्वपक्ष : चाक वरंब्यावर घ्यावे, असे मनकर्णेचे मत. खंडन : प्रमाण दिलेले नाही.’” मग वही परत करत म्हणाल्या, “सोमवारी चंदन सातले येणार हाय. तुमी सहाले भरा. घासली तं चंदन हायच.”

सोमवारी वीस पोती चढली. मनकर्णाबाई मोबाइल हातात धरून शेजारच्या आसनावर बसल्या. चाक वरंब्यावर चढताच सरांनी प्रास्ताविक सुरू केले : “वास्तविक तुझा निष्कर्ष योग्य असला, तरी मांडणीत—”

“सर!” गाडी डावीकडे झुकली होती. “पांदण संपेपर्यंत एक शब्द बोलू नका.”

डोंगरदिवे सर दोन फर्लांग गप्प राहिले. त्यांच्या संसारातली ही सर्वांत दीर्घ शांतता होती. ओठांवर आलेली तीन पोटवाक्ये त्यांनी एकामागून एक गिळली आणि नजर वरंब्यावर खिळवून ठेवली. गाडी डुलत, कण्हत, पण न घासता पुढे सरकत राहिली; पुढची चाके डांबरावर चढली, मागचीही चढली.

मनकर्णाबाईंनी फोन लावला. “चंदन, येऊ नको बापा. नाई, आता गरज नाई. सर चालवून राहिले.” फोन पदरात गुंडाळून त्या सरांकडे वळल्या. “हं, आता बोला.”

अकोल्यापर्यंत पुरेल एवढा मजकूर सरांजवळ तयार होता. त्यातले एकच वाक्य त्यांनी उच्चारले, आणि तेही चौतीस वर्षांत ज्या भाषेत कधी शिकवले नाही त्या भाषेत.

“तुयंच बराबर व्हतं.”

“प्रमाण?” मनकर्णाबाईंनी विचारले.

सरांनी अंगठ्याने मागच्या वीस पोत्यांकडे खूण केली आणि गिअर बदलला.