घोटभर तेल

तिने कूलंटच्या टाकीचं झाकण फिरवलं, आत बोट बुडवलं आणि ते बाहेर काढून उजेडात धरलं. बोटावर तेल होतं. काल संध्याकाळी याच टाकीत तिने स्वतःच्या हाताने इंजिन थंड ठेवणारं नवंकोरं हिरवं कूलंट भरलं होतं. त्याआधी सगळे पाइप इतक्या वेळा धुऊन काढले होते, की शेवटचं पाणी कुणाला प्यायला दिलं असतं तरी त्याने नाक मुरडलं नसतं.

"पुन्हा?" शटरजवळच्या खुर्चीतून सासऱ्यांनी विचारलं.

"पुन्हा," ती म्हणाली आणि हातातलं फडकं बॉनेटवर आपटलं.

गाडी नर्सबाईंची होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या ड्रेसिंग करत, त्यामुळे गाडी म्हणजे त्यांचे पायच. तीन आठवड्यांपूर्वी गाडी साध्या सर्व्हिसिंगला आली, एक रात्र राहिली, ठणठणीत होऊन गेली आणि आठ दिवसांत परत आली, ती टाकीत दुधाळ कॉफीसारखा गाळ घेऊन. इंजिनात तेल आणि पाणी शेजारी शेजारी फिरतात, पण त्यांनी एकमेकांना भेटायचं नसतं. भेटलीच, तर मधली भिंत कुठेतरी फुटलेली असते. तिने आधी ऑइल कूलर बदलला. गाडी पुन्हा रात्रभर राहिली, गेली आणि चार दिवसांनी दारात हजर. मग सासऱ्यांनी खुर्चीतूनच निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलंय, लिहून ठेव." तिने दोन दिवस खपून, बोटांची सालं काढून हेड उतरवलं, तर तेल-पाणी अलग ठेवणारं ते गॅस्केट धडधाकट. उघडलंच आहे म्हणून तेही बदललं. हवेचा दाब भरून ठेवला, तर तासभर काटा जागचा हलला नाही. काहीही फुटलेलं नव्हतं, आणि तेल मात्र येतच होतं.

आज दहा वाजता नर्सबाई यायच्या होत्या. गाडी तयार नसली तर त्या ती ओढून मोठ्या वर्कशॉपात नेणार होत्या, तसं त्यांनी फोनवर स्पष्टच सुनावलं होतं. तसं झालं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत पसरलं असतं की म्हाताऱ्याने गॅरेज सुनेच्या हाती दिलं आणि वाट लावून घेतली. असं म्हणायला टपलेली माणसं कमी नव्हती. सात वर्षं ती पान्यासारखी ताठ उभी होती, ती याच माणसांच्या नाकावर टिच्चून.

हे काम तिला शिकवलं सासऱ्यांनीच. मुलाला ग्रीसचा वास सोसत नसे, तो कचेरीतल्या पंख्याखाली सुखी होता. "निदान तुला तरी शिकवतो," असं म्हणून म्हाताऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिच्या हातात पाना दिला आणि चुकली की परक्यांसमोरही झाडली. आता गुडघे आणि डोळे दोन्ही थकल्यामुळे ते खुर्चीत असत. एक काम मात्र त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. गॅरेजात रात्रभर राहिलेल्या गाडीला सकाळी स्वतःच्या हाताने घोटभर तेल घालायचं. किती आहे, किती हवं, हे न बघता, पाहुण्याच्या हातावर काहीतरी ठेवावं तसं. म्हणून ती प्रत्येक मुक्कामी गाडीत तेल मुद्दाम मापाच्या रेषेच्या बोटभर खाली ठेवी. याबद्दल दोघांमध्ये कधी एक शब्द झाला नव्हता.

तिने बोटावरचं तेल अंगठ्याने चोळलं आणि हात थांबला. तेल मधाच्या रंगाचं होतं. गाडी डिझेलची. डिझेलच्या इंजिनात तेल तासाभरात काळं पडतं. इंजिनातून गळालेलं तेल असं गोरंगोमटं राहणं शक्यच नव्हतं. आणि गळेल तरी कसं? कूलंट भरल्यापासून गाडी चालूच झाली नव्हती. किल्ली तिच्या खिशात होती.

तिने तेल मोजायची डिपस्टिक ओढली. तेल काळंभोर आणि रेषेच्या बरोबर बोटभर खाली, तिने ठेवलं होतं तिथेच.

"बाबा," तिने मागे न वळता विचारलं, "सकाळी हिला तेल घातलंत?"

"म्हणजे काय! तू यायच्या आधीच."

जुन्या गाड्यांमध्ये तेलाचं तोंड जिथे असायचं, बरोबर तिथे या गाडीत कूलंटची टाकी होती. झाकणही तसंच काळं, तेवढंच. चाळीस वर्षं तो हात तिथे जात आला होता, तसाच तो गेला होता.

तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की हातातली डिपस्टिक तिने भिंतीवर फेकलीच असती. कूलर, हेड, दोन दिवस, बोटांची सालं, फोनवरचे ते शब्द. आणि वर "लिहून ठेव"! ती वळली, तोंड उघडलं. सासरे आपल्या तेलाच्या किटलीची चोच फडक्याने पुसत होते, आतून बाहेरून, अगदी मन लावून. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि नर्सबाई उतरल्या.

"झाली?"

"संध्याकाळी पाचला न्या," ती म्हणाली. "इंजिनात काहीच दोष नव्हता. चूक माझी झाली. तेल पाण्याच्या टाकीत घातलं गेलं."

"तेल पाण्याच्या टाकीत?" बाईंनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "अहो, हे मलासुद्धा कळतं! तीन आठवड्यांतले निम्मे दिवस मी पेशंटकडे रिक्षाने फिरतेय. एका आजोबांची जखम चिघळली, वेळेवर पोचले नाही म्हणून."

"हो."

"हो काय?"

"तुमचं बरोबर आहे."

"पाचला नेते. त्यानंतर मात्र मला या दारात बोलावू नका."

रिक्षा गेली. खुर्चीकडे बघायला नको म्हणून तिने लगेच गाडीखाली सरकून कूलंट सोडायला घेतलं. बादलीत धार पडत राहिली. वरून सासऱ्यांचा आवाज आला.

"तू कधी घातलंस तेल?"

तिने बादली धारेखाली नीट सरकवली.

"मी विचारतोय. या गॅरेजात सकाळचं तेल कोण घालतं?"

"जाऊ द्या ना, बाबा."

"काय जाऊ द्या? हेड उतरवायला लावलं मी तुला!" किटली जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. "तू चुकलीस तेव्हा मी कधी जाऊ दिलं? गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. मग मला का नाही सांगत? इतका कामातून गेलो का मी?"

ती गाडीखालून बाहेर आली नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं किती आणि कशाचं किती कुणास ठाऊक. कोपराने तोंड पुसलं तर गालावर काळा पट्टा उमटला.

दुपारपर्यंत तिने टाकी आणि पाइप चार वेळा धुतले. या खेपेला काय धुतोय ते माहीत होतं, तरी चीड काही कमी होत नव्हती. नवं कूलंट भरलं, गाडी अर्धा तास चालवून आणली, थंड होऊ दिली, बोट बुडवलं. बोट हिरवं निघालं. साडेचार वाजले होते.

सासरे उठून गाडीपाशी आले. एका हाताने बॉनेटची कड धरून म्हणाले, "दाखव."

तिने त्यांचं मनगट धरून हात आधी काळ्या झाकणावर ठेवला. "हे पाण्याचं." मग तो उजवीकडे, खोलगट जागी नेला. "हे तेलाचं." त्यांनी दोन्ही झाकणं चाचपली, पुन्हा चाचपली. एकाला कडेने खाचा होत्या, दुसरं गुळगुळीत होतं. नवीन पोराला धडा द्यावा तसे ते स्वतःशी पुटपुटले, "खाचा पाण्याला. गुळगुळीत तेलाला." आणि मग, तिच्याकडे न बघता, "अशा झाकणांच्या आणखी कुठल्या गाड्या मुक्कामाला होत्या?"

"दोन तरी असतील. उद्या फोन करते."

"तू नको. मी करतो. सांगतो, मी घातलं म्हणून. आणि त्या बाई येतील, त्यांनाही."

त्यांनी किटली उचलली, चोच चाचपून बघितली आणि किटली तिच्या हातात दिली. "हिचा घोट राहिलाय. तू घाल."

तिने तेल ओतायला सुरुवात केली. सासऱ्यांनी मान कलती केली आणि इंजिनाच्या पोटात उतरणाऱ्या धारेच्या आवाजाकडे कान लावला.

"अजून," ते म्हणाले. "अजून. बस."

तिने डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली.

"बरोबर?"

तिच्या ओठांवर "हो" आलं होतं. तिने पुन्हा एकदा रेषेकडे बघितलं.

"नाही, बाबा. जास्त झालं."

सासऱ्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच सैल पडला.

"मग बघत काय बसलीस? काढ," ते खेकसले, आणि भिंतीवरच्या तेल ओढून काढायच्या नळीसाठी चाचपडत हात लांबवला.