निवडून आलेला बालवर्ग

"मनुष्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या चेहऱ्याकडे निर्भयपणे पाहिले पाहिजे, आणि जे दिसेल ते जगाला ताठ मानेने दाखवले पाहिजे!"

हे वाक्य पेंटरआजोबांनी आदल्या संध्याकाळपासून घोकले होते. ते म्हणताना त्यांनी उजवा हात उंच केला, कारण ज्या पुढाऱ्यांची चित्रे त्यांनी उभा जन्म चौकाचौकांतल्या फलकांवर रंगवली ते सगळे हात उंच करूनच उभे असत. वाक्य संपले. बालवर्ग भारावून गप्प बसला. मग पुढच्या रांगेतल्या एका नागरिकाने अगदी तसाच हात उंच केला.

"आजोबा, मला शू लागलीय."

त्याचे ऐकून आणखी काही जणांना लागली. निर्भयपणे पाहण्याचा कार्यक्रम ती मंडळी परत येईपर्यंत तहकूब करण्यात आला.

पेंटरआजोबा कलेच्या सेवेसाठी आले आहेत, असे शाळेच्या मोठ्या बाईंना वाटत होते. चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, आठवड्याच्या शेवटी पालक शाळा बघायला येणार होते आणि व्हरांड्यातली भिंत भुंडी होती. तिच्यावर प्रत्येक मुलाने आपले स्वतःचे चित्र काढून लावावे आणि आपल्याला काय भारी येते ते त्यात दाखवावे, ही बालवर्गाच्या बाईंची कल्पना. "काका, तुम्ही एवढे चेहरे रंगवलेत, आमच्याकडे याच," असे त्या म्हणाल्या तेव्हा आजोबांनी आधी साफ नकार दिला होता. "बाई, मी मोठी माणसं रंगवली. ती जागची हलत नाहीत. हललीच तर पक्ष बदलायला हलतात."

मग ते कबूल झाले, त्याचे कारण खिडकीशी तोंडावर हात ठेवून बसले होते. ती त्यांची नात, पिटकुली.

पिटकुलीचे वरचे दोन दात पडले तेव्हा घरात पाहुणे होते. आजोबांनी तिला उचलून टेबलावर उभे केले आणि जाहीर केले, "बघून घ्या मंडळी, आमच्या घरात आता एक खिंड झालीय. उद्यापासून गाड्या सोडणार!" पाहुणे खो खो हसले. आजोबाही हसले. पिटकुली हसली नाही. त्या दिवसापासून तिचा डावा हात तोंडावर जो बसला तो उठायलाच तयार नव्हता. बोलायची ती हाताआडून, हसायची हाताआडून, जेवतानासुद्धा घास हाताच्या आडोशाने आत जायचा. सूनबाई एकदाच म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बसवलात, आता तुम्हीच उतरवा." म्हणून आजोबा शाळेत आले होते. भिंत भुंडी राहो की रंगो, नातीचा हात खाली आला पाहिजे, एवढाच त्यांचा संकल्प होता.

मंडळी स्वच्छतागृहातून परतली आणि काम सुरू झाले. बाईंनी प्रत्येकाच्या हातात छोटा आरसा दिला. निम्म्या मुलांनी आधी आरशात जीभ बघितली, उरलेल्यांनी शेजाऱ्याच्या डोळ्यांवर उन्हाचा कवडसा मारला. मग आजोबांनी आपला एकमेव नियम सांगितला. "फलकावर ज्याची खुर्ची मोठी, त्याचं डोकं मोठं. आपल्याकडे खुर्च्या सगळ्या सारख्याच आहेत. म्हणून ज्याला जे भारी येतं ते त्यानं मोठ्ठं काढायचं. बाकीचं मावेल तसं."

हा नियम बालवर्गाला एकदम पटला. हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या मुलीने बशीएवढे डोळे काढले. वर्गातल्या सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या बांधणारीने हातांना एवढी जागा दिली की डोके कोपऱ्यात वाटाण्याएवढे उरले. एका गोबऱ्या पठ्ठ्याने छातीठोकपणे सांगितले, "मला पटकन झोप येते." त्याची बाजू बाईंनी उचलून धरली. "खरंय काका, प्रार्थना चालू असतानासुद्धा येते." त्याने एक मोठे तोंड काढले, त्यात मिटलेल्या डोळ्यांच्या दोन आडव्या रेघा ओढल्या आणि चित्र पूर्ण करून लगेच सरावाला लागला.

आजोबा फिरत फिरत खिडकीशी आले. "पिटकुले, तुला काय भारी येतं?"

"सांगणार नाही," हाताआडून उत्तर आले.

"माझ्या कानात सांग."

"सांगायचं नसतंच ते." तिने इकडेतिकडे पाहिले. मग हात जरासा, दाराची फट उघडावी तेवढाच, बाजूला झाला आणि दोन दातांच्या जागेतून एक शिट्टी सुटली. ती शिट्टी अशी काही होती की व्हरांड्यात डुलक्या काढणारा शिपाई उठला आणि त्याने मधल्या सुट्टीची घंटा देऊन टाकली.

घंटा मागे घेता येत नाही. पण मुले डबे घेऊन बाहेर पळाली तरी पिटकुली जागेवर बसून राहिली आणि तिने चित्र पुरे केले. मोठ्ठे तोंड, त्यात मधोमध काळीभोर जागा, आणि त्या जागेतून निघून कागदभर पसरलेल्या निळ्या रेघा. ती शिट्टी. चित्र दोरीवर चिमट्याने अडकवून ती डबा खायला गेली तेव्हा हात तोंडावर होता, पण सैल होता. आजोबांनी ते टिपले. त्यांना वाटले, जिंकलो.

इथेच घात झाला.

रिकाम्या वर्गात पेंटरआजोबा एकटे, समोर दोरीवर ओली चित्रे आणि हातात कुंचला. एका मुलाचे नाक कानाकडे निघाले होते. आजोबांनी ते नुसते जरा आत घेतले. मग शेजारचे नाक उगाच वाकडे वाटायला लागले. आता एवढे केलेच आहे तर भुवया तरी का सोडायच्या? पुढाऱ्यांच्या टकलावर केस पेरणारा, हनुवट्या कमी करणारा आणि रंग उजळणारा तो हात शिवशिवायला लागला की मालकाला विचारत नसे. घंटा झाली तेव्हा दोरीवर बालवर्ग नव्हता. सुबक नाकांचे, तजेलदार गालांचे आणि जनतेच्या भवितव्याकडे एकटक बघणारे एक मंत्रिमंडळ वाळत होते.

मुले आत आली आणि दोरीखाली गर्दी झाली.

"माझं चित्र कुठं गेलं?"

"हा कोण माणूस? हा आपल्या वर्गात नाही!"

गोबऱ्या पठ्ठ्याने आपले चित्र ओळखले ते केवळ कोपऱ्यातल्या जॅमच्या डागावरून. त्याने वर बघितले. दोन टपोरे डोळे त्याच्याकडे बघत होते. "मी झोपलो होतो," तो म्हणाला, "मला कुणी उठवलं?" आणि त्याने असे भोकाड पसरले की त्याला आणखीही काही भारी येते हे सिद्ध झाले.

बाईंनी दोरीवरून एक नजर फिरवली. "काका," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तर अख्खा वर्ग निवडून आणलात."

आजोबांचे लक्ष तिकडे नव्हते. पिटकुली आपल्या चित्रापुढे उभी होती. काळ्याभोर जागेत दोन पांढरेशुभ्र दात बसले होते. रंग अजून ओला होता. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने डावा हात तोंडावर ठेवला आणि त्यावर उजवा ठेवला.

दुसऱ्या दिवशी नवे कागद वाटले गेले. मुले मोठ्या मनाची असतात, शिवाय त्यांना रंग हवे असतात. त्यांनी पुन्हा चित्रे काढली. फक्त या वेळी आजोबा जवळ आले की कागदावर आडवे पडून ते झाकले. पिटकुलीचा कागद कोराच राहिला. "मला काही भारी येत नाही," ती म्हणाली. घरीही ती आजोबांशी बोलेना. जेवताना त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला तर तिने तो आईकडे दिला, आईने आजोबांकडे दिला.

"बाबा, आता तिच्या दोन्ही हातांचा प्रश्न झालाय," सूनबाई म्हणाल्या. "जेवायला तिसरा कुठून आणू?"

"उद्या उतरवतो," आजोबा म्हणाले. "उतरवला नाही तर कुंचला हातात धरणार नाही."

"कुंचला धरलात म्हणून तर झालं हे."

सकाळी उठून आजोबांनी आरशासमोर बैठक मारली. मुलांना जमते ते आपल्याला का जमू नये? स्वतःला आहे तसे काढायचे. पहिल्या कागदावर उमटलेल्या गृहस्थाच्या डोक्यावर दाट केस होते. दुसऱ्याच्या गळ्याखालची सैल कातडी कुठेतरी गेली होती. तिसरा तर हात उंच करूनच उभा राहिला. "हा कुठूनही निवडून येईल," आजोबा आरशाला म्हणाले, "पण हा मी नाही." त्यांनी कागद चुरगळले, कोरे कागद बगलेत मारले आणि न जेवता शाळेत गेले. पालक दुपारी येणार होते.

बालवर्गात ते मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे कानाशी घेऊन बसले. "मला माझं चित्र काढता येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही शिकवा."

अशी संधी बालवर्ग सोडत नाही. सगळे भोवती जमले.

"केस कुणाचे काढताय?"

"पुसा! पुसा ते!"

"गळ्याखाली ते लोंबतं ना, ते राहिलं."

"कानातले केस राहिले."

"डोळ्याखाली पिशव्या आहेत, पिशव्या काढा!"

आजोबांनी टक्कल काढले, पिशव्या काढल्या, कानातला एकेक केस काढला. एकेका रेघेला हात अडत होता, पण ते त्याला दामटत होते. शेवटी तोंड आले. सवयीने सरळ, पांढरी दंतपंक्ती उमटली.

"दात मात्र छान आहेत हां आजोबांचे," नाड्यावाली म्हणाली.

आजोबांचा कुंचला थांबला. हे दात म्हणजे त्यांचे शेवटचे गुपित होते. घरात ते फक्त मोरीचे दार लावून बाहेर काढले जात. बायको गेली तिलासुद्धा त्यांनी ती जागा कधी नीट दाखवली नव्हती. सूनबाईंना माहीत होते, पण दोघांनीही ते माहीत नसल्याचे ठरवले होते. आजोबांनी मान वर केली. खिडकीशी दोन हातांच्या वर दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते.

त्यांनी कुंचला खाली ठेवला, दोन बोटे तोंडात घातली आणि वरखाली दोन्ही कवळ्या काढून टेबलावर ठेवल्या.

गोबरा पठ्ठ्या जागा झाला.

"परत करा!" कुणीतरी ओरडले.

आजोबांनी परत केले. आत, बाहेर. मुलांनी टाळ्या पिटल्या. जादूचे प्रयोग पाहिलेल्यांनीही मान्य केले की कबुतर वगैरे यापुढे काहीच नाही. कवळ्या पाहायला हात पुढे आले, त्या एका तळव्यावरून दुसऱ्यावर निघाल्या. गर्दीतून पिटकुली वाट काढत आली. तिने आजोबांच्या गुडघ्यावर चढून त्यांच्या तोंडात वाकून पाहिले.

"आजोबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "माझी तर खिंड आहे. तुमचं तर सगळं मैदानच झालंय."

"हो ना," आजोबा म्हणाले. निदान तसे म्हणायचा त्यांचा प्रयत्न होता.

"शिट्टी येते?"

आजोबांनी गाल फुगवून फुंकले. नुसता वारा सुटला आणि समोरच्या चार जणांच्या तोंडावर तुषार उडाले. पिटकुली हसली. आधी हाताआड हसली, मग तिला शिकवण्याची घाई झाली आणि शिकवायला तोंड लागते. दोन्ही हात खाली आले. "असं नाही हो! जीभ खाली ठेवा. ओठ असे. आता बघा." आणि तिने वाजवली.

शिपायाने लगोलग घंटा दिली आणि मुले डब्यांकडे धावली. मोठ्या बाई तरातरा त्याच्याकडे गेल्या.

पिटकुली मात्र कागदाकडे गेली. तिने तोंड काढायला घेतले ते कागदात मावेना. आजोबा अख्खा वेळ हात मागे बांधून उभे होते आणि एका हाताने दुसऱ्याचे मनगट घट्ट धरून होते. बाईंनी खाली दुसरा कागद चिकटवला. काळी जागा त्याही कागदावर उतरली.

दुपारी भिंतीवर सगळे होते. बशीएवढे डोळे, सुपाएवढे हात आणि गाढ झोपलेला एक इसम. मधोमध दोन कागदांचे पिटकुलीचे तोंड आणि त्याशेजारी टक्कल, पिशव्या, बोळके असलेले एक म्हातारे चित्र. त्यातही सगळ्यात मोठे बोळकेच होते. पालक आपापली मुले ओळखून काढत होते आणि आश्चर्य म्हणजे ती ओळखू येत होती. सूनबाई लेकीच्या चित्रापुढे उभ्या राहिल्या, मग लेकीकडे वळल्या. ती बापाला मोकळ्या तोंडाने शिट्टी शिकवत होती. सूनबाईंनी सासऱ्यांकडे पाहिले आणि पदराने डोळे टिपले.

मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना शांत केले. "आज आपल्याला हा उपक्रम ज्यांनी दिला, त्या पेंटरआजोबांनी कलेचं आयुष्यातलं स्थान या विषयावर दोन शब्द बोलावेत, अशी विनंती मी त्यांना करते."

पालक वळले. आजोबा पुढे आले. त्यांनी उजवा हात उंच केला. घोकलेले वाक्य जिभेवर हजर होते. त्यांनी तोंड उघडले आणि तसेच मिटले. मग हात खाली घेऊन ते बालवर्गाकडे वाकले आणि जमेल तेवढ्या स्पष्टपणे म्हणाले,

"पोरांनो, माझे दात कुणाच्या डब्यात आहेत ते तेवढं बघा. सकाळपासून जेवलो नाहीये."