समुद्राचा दसरा

घट बसण्याआधी बिबवेवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात हेमाताईंनी दसरा काढला. गोधड्या वाळल्या, डबे घासले, पंख्यांची पाती पुसून झाली. उरला तो समुद्र. दिगंबररावांचा.

समुद्र म्हणजे पलंगासमोरची काचेची टाकी. मापून मीठ कालवलेलं पाणी, तळाशी वाळू, भोकाभोकांचे दगड आणि केशरी-पांढऱ्या माशांची जोडी. मागे टांगलेला फिल्टर पाणी ओढून घ्यायचा, स्पंजातून गाळायचा आणि बारीक धारेनं परत सोडायचा. निवृत्तीनंतर दिगंबररावांनी हे खूळ घेतलं होतं. उन्हाळ्यात झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, राहिली ती नजर. ती माशांमागे फिरायची. डॉक्टर म्हणाले होते, "ते बघतायत ना, ते बघू द्या. तेवढंच एक दार उघडं आहे."

तेव्हापासून हेमाताई त्या दाराशी राखणीला बसल्या. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे, वेळेवर दिवा. फिल्टरला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. ते काम दिगंबरराव गॅलरीत, दार लोटून घेऊन करत. त्यावरून दोघांची जुंपायचीही.

"अहो, त्या स्पंजाला एकदा नळ दाखवा! किती तो मळ!"

"मळातच खरा जीव आहे, हेमाबाई. तुमच्या कपबश्या नव्हेत त्या."

ज्या माणसानं जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, त्यानं हे बोलावं! हेमाताईंनी तो टोमणा म्हणून ऐकला आणि सोडून दिला.

आता सणासुदीला माणूस अंथरुणात, आणि त्याचा समुद्र तसाच मळका? त्यांनी दगड काढले, स्पंज काढला, फिल्टरच्या पोटातल्या चिनी मातीच्या नळ्या काढल्या आणि सगळं मोरीत नेलं. नळ पूर्ण सोडला. जुन्या ब्रशनं दगडांचं भोक न् भोक घासलं. तपकिरी पाणी वाहून चाललं तसं मन हलकं होत गेलं, आणि सासूबाईंच्या ओव्यांच्या चालीवर ओठांत ओळी आल्या :

*समुद्र माझ्या घरी, कोपऱ्यात गं नांदतो*
*खाऱ्या पाण्यामधी, जोडा केशरी हिंडतो*

पलंगावरून आवाज आला. "म्म... म्म..." डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटत होता.

"आलेच हं!" हेमाताई ओल्या हातांनी गेल्या. चमच्यानं पाणी पाजलं, ते गालावरून ओघळलं. उशी सारखी केली. हात आपटायचा थांबेना.

"कळलं हो, आवडलंय तुम्हाला. होतच आलंय."

पांढरेशुभ्र दगड त्यांनी जागेवर बसवले. दिगंबररावांचे डोळे पाण्यानं भरले होते. त्यांनी ते पदरानं टिपले आणि मनात म्हणाल्या, बघा, किती दिवसांनी सुखावलेत.

नवरात्र सुरू झालं आणि पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. घाबरून त्यांनी हिंजवडीला लेकीला, अवनीला, फोन लावला. काय काय केलं ते ऐकून अवनी म्हणाली, "आई, नळाखाली धुतलंस? ब्रशनं?"

"साबण नाही गं लावला."

"अगं, त्या मळात बॅक्टेरिया असतात. माशांची घाण तेच पचवतात, म्हणून पाणी विषारी होत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यानं ते मरतात. बाबा टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज नुसता पिळायचे. तुला माहीत नव्हतं?"

हेमाताईंच्या कानात कठडा वाजू लागला. ठक. ठक. ठक.

अवनीनं सांगितलं तसं त्यांनी आरओच्या पाण्यात मीठ कालवलं, जुनं उपसलं, नवं भरलं. पाणी निवळायचं, पुन्हा दुधाळायचं. मेलेलं परत यायला आठवडे लागतात, आणि माशांपाशी आठवडे नव्हते. आधी मादी गेली. जोडीदार तिच्या रिकाम्या कोपऱ्याला घिरट्या घालत राहिला, मग तोही वाळूवर आडवा झाला.

त्या सकाळी दिगंबररावांनी मान भिंतीकडे वळवली.

"अहो, इकडे बघा ना. चुकलं माझं. शिव्या द्या, निदान त्या डोळ्यांनी तरी..." त्यांनी हनुवटी धरून चेहरा वळवला. चेहरा वळला, नजर आली नाही. त्यात राग असता तरी चाललं असतं. हात काढताच मान पुन्हा भिंतीकडे.

दसऱ्याला समोरच्या आनंदीवहिनी सोनं द्यायला आल्या. टाकीपाशी थबकल्या. "अगंबाई, किती लख्ख ठेवलंयस गं! मासे कुठायत?"

"आहेत दगडामागे," हेमाताई म्हणाल्या.

वहिनी गेल्यावर त्यांनी आपट्याचं पान दिगंबररावांच्या डाव्या तळव्यात ठेवलं आणि आपल्या हातानं त्यांची बोटं एकेक करून मिटवली. सोडली तशी ती उघडली. पान चादरीवर पडलं.

फिल्टर बंद करायला त्या उठल्या. बटणावर बोट ठेवलं. धार गेली तर या घरात दुसरा आवाज उरणार नाही, हे लक्षात आलं आणि त्यांनी बोट मागे घेतलं. पांढऱ्या स्पंजातून स्वच्छ पाणी पडत राहिलं, कोणासाठीच नाही.