नक्कल झाल्याशिवाय डाक नाही

संगणक नवा झाला आणि विजयकुमार साळुंखे जेवेनासे झाले.

दोष सरळसरळ त्यांच्या मुलीचा, ऋजुताचा होता. मोहालीच्या कंपनीत ती दिवसभर लोकांचे संगणक सांभाळायची, मग घरच्याच संगणकावर जुनी विंडोज कशी चालू द्यायची? शुक्रवारी तिनं ती बदलून टाकली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. नव्या विंडोजनं कोपऱ्यातल्या पंधरा वर्षांच्या स्कॅनरला ओळखच दाखवली नाही. शनिवारी सकाळी पप्पांनी त्याचं हिरवं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

विजयकुमार मूळचे विट्याचे. तीस वर्षं फौजेत क्लार्की करून चंडीमंदिरच्या छावणीतून निवृत्त झाले आणि तिथेच जवळ मनीमाजऱ्यात घर करून राहिले. चार वर्षांपूर्वी बायको सुशीला गेली, आणि तिच्यामागून त्यांची स्मृती जाऊ लागली. चहा घेतला की नाही हे ते विसरत, कधीकधी ऋजुतालाही विसरत. पण रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट खोचून ते स्कॅनरपुढे बसत, कागद ठेवत, बटण दाबत. पडद्यावर कागद उमटला की वहीत नोंद करत आणि मगच नाश्त्याला येत. नक्कल झाल्याशिवाय डाक निघत नाही, हा त्यांचा फौजेतला नियम. ते रोज काय स्कॅन करतात, हे बघायला ऋजुताला कधी सवड झाली नव्हती.

ऋजुता कामावर असताना पप्पांना जेवण देणाऱ्या शेजारच्या आंटी रविवारी दारातूनच म्हणाल्या, "बेटा, अंकल जी ने कल से रोटी को हाथ नहीं लगाया."

ऋजुतानं ऑफिसातून नवा स्कॅनर आणून ठेवला होता. पप्पांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डॉक्टरांनी बजावलंच होतं, हातांना जे येतंय ते करू द्या, नवं आता शिकता यायचं नाही. म्हणजे तोच स्कॅनर आणि तेच बटण चालायला हवं होतं. ती बाह्या सरसावून बसली.

स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीनं त्या मॉडेलवर केव्हाच पाणी सोडलं होतं. जुना ड्रायव्हर टाकून पाहिला, नव्या विंडोजनं तो घेतला नाही. सकाळ त्यातच गेली. शेवटी अशा टाकून दिलेल्या स्कॅनरांसाठी कुणा भल्या माणसानं लिहिलेला एक प्रोग्रॅम सापडला. माउसनं सांगितलं की स्कॅनर चालायचा, पण हिरवं बटण मुकंच. आता पप्पांना माउस कोण शिकवणार? तिनं हट्टानं एकेक सेटिंग चाळली, बटणाला काम नेमून दिलं आणि ते दाबलं. आतला दिवा सरकू लागला.

झाकणाखाली शनिवारचा कागद तसाच होता. तो पडद्यावर उमटला. रजेचा अर्ज, टाइप केलेला, एकोणतीस वर्षांपूर्वीचा. बायको बाळंत झाली आहे, मुलीच्या बारशासाठी दहा दिवसांची रजा मिळावी. खाली साहेबाच्या सहीची जागा कोरी. कोपऱ्यात पेन्सिलीनं पप्पांचं अक्षर होतं, 'कोट्यात एकच रजा उरली. जवान राणेची आई अत्यवस्थ. माझा अर्ज मागे.'

तिनं संगणकावरचं 'डाक' नावाचं फोल्डर उघडलं. पाचशेच्या वर फायली होत्या, आणि प्रत्येकीत हाच अर्ज.

"तुझ्या बारशाला पप्पा नव्हते, साहेबानं रजा नाकारली," असं आई जन्मभर सांगत आली होती. त्या न पाहिलेल्या साहेबाला मायलेकींनी किती शिव्या घातल्या होत्या! आणि अर्ज साहेबापर्यंत गेलाच नव्हता. ऋजुताला पप्पांचा राग आला. सगळ्या पलटणीला रजा मिळवून देणाऱ्या या माणसाला स्वतःसाठी एक कागद पुढे सरकवता आला नाही? आणि रोज सकाळी तो त्याच कागदाची नक्कल करत होता, या विचारानं तिला रडू फुटलं.

स्कॅनरची घरघर ऐकून पप्पा आतून आले. पडदा पाहिला, वहीत नोंद केली, अर्ज काढून घेतला. मग टाचा जुळवून तिच्यासमोर उभे राहिले.

"साहब, नकल हो गई है. बस आपके दस्तखत बाकी हैं."

मी साहेब नाही पप्पा, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं पेन घेतलं. कोऱ्या जागेवर 'मंजूर' लिहिलं आणि खाली सही केली, ऋजुता.

पप्पांनी सही वाचली. बराच वेळ वाचत राहिले.

"ऋजुता," ते मराठीत म्हणाले. "पोरीचं हेच नाव ठेवायचं म्हणतीया सुशीला." मग घाईनं घड्याळाकडे पाहिलं. "बारशाला पोचतोय न्हवं मी?"

"पोचलात, पप्पा."

"पोरगी कुठाय?"

"इथंच आहे," ती म्हणाली. "चला, पानं वाढलीत."

बारशाचं जेवण समजून विजयकुमार त्या दुपारी पोटभर जेवले.