उदाहरणातला दुकानदार

“बाई, तुमचे ‘आमचेहे’ भलतेच निघाले की,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली आणि वर्ग खिदळला. “वीज गेली की मेणबत्त्या दुप्पट भावाने विकतात म्हणे.”

बाईंचा खडू फळ्यावरच थांबला.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला त्या हिशेब शिकवत. धंदा वेगळा नि मालक वेगळा, हे तत्त्व आलं की दरवर्षी नवऱ्याला वर्गात आणत. आमचे हे स्वतःच्याच दुकानातली साबणाची वडी घरी आणतात. पण मालक झाले म्हणून काय झालं, दुकानाच्या लेखी ते परकेच, वडीची नोंद व्हायलाच हवी. मुलं हसत आणि तत्त्व डोक्यात पक्कं बसे. त्या गृहस्थांचं नावच ‘आमचेहे’ पडलं होतं.

पुढे नवरा गेला, दुकान मोडीत निघालं. उदाहरण मात्र बाईंनी मोडलं नाही. दरवर्षीची मुलं नवी, त्यांना काय ठाऊक? वर्गात हे अजून वडी खिशात घालत होते आणि पकडले जात होते. तेवढा एक तास बाई एकट्या नसत. कोणाचं त्यात काही जात नव्हतं.

पण मेणबत्त्या? त्या बाईंनी कधीच शिकवल्या नव्हत्या.

उलगडा शिक्षकांच्या खोलीत झाला. अर्थशास्त्राचे जुने सर थट्टेखोर होते. मागणी-पुरवठा शिकवायला त्यांनी बाईंचा नवरा राजरोस उसना नेला होता. तो वारल्यावर त्यांनी न बोलता त्याला आपल्या वर्गातून रजा दिली. यंदा ते निवृत्त झाले, त्यांची जुनी टिपणं नव्या सरांच्या हाती पडली आणि आमचेहे पुन्हा कामाला लागले.

त्या दिवशी घरी बाईंना काही सुचेना. वीज जायची त्या दिवशी हे उशिरा यायचे, ते शीळ घालतच, हे त्यांना नेमकं आठवत होतं. पण एवढी खुशी कसली? तेव्हा विचारायचं राहून गेलं. संसार केला तो माणूस आठवणीत पुसट होत चालला होता, आणि मेणबत्तीवाला रोज काहीतरी नवीन करत होता. गेलेल्या माणसाने असं करू नये.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या सरांना गाठलं, समोर बसून दुकानदार कोण ते सांगितलं. बिचाऱ्याचा चेहरा उतरला.

“मला वाटलं, सरांनी कल्पनेतून काढलेत. माफ करा, बाई. आजपासून नुसतं ‘एक व्यापारी’ म्हणतो.”

बाईंना हवं होतं ते हेच. आता उठून जायचं तेवढं राहिलं होतं. त्या उठल्या नाहीत.

“पुढे काय करतात ते?”

“कोण?”

“हे.”

सर गडबडले. “पुढे मक्तेदारी आहे. समोरचं दुकान बंद पडतं, मग गल्लीत हे एकटेच उरतात. सिद्धांताप्रमाणे भाव वाढवायला हवेत, पण सरांनी तिथे…”

“सांगू नका,” बाई म्हणाल्या. “मी वर्गात ऐकेन. आणि ते ‘एक व्यापारी’ नको. आमचेहेच असू द्या.”

मक्तेदारीच्या दिवशी बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मुलं वळून वळून बघत होती. सरांना घाम फुटला होता. एकदा त्यांनी बाईंकडे पाहिलं, टिपणं बाजूला ठेवली आणि घसा खाकरला.

“समोरचा दुकानदार गाशा गुंडाळून गेला,” ते म्हणाले. “गल्लीत दुसरं दुकान नाही. लोकांना साधं मीठ हवं असलं तरी यांच्याच दारात यावं लागणार. सकाळ झाली. आमचेहे आले, दुकान उघडलं.”

आज कुणी हसलं नाही. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मान जराशी पुढे काढली, गर्दीत मागे उभं राहून आपलं माणूस शोधावं तशी.